रेखाटनात हात बसवायचा असेल तर रोजचा सराव असा करा

महिनोन्‌महिने चित्रं काढूनही सुधारणा का दिसत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा वहीतच असतं. पानं भरलेली असतात, पण एकाही पानावर चूक शोधल्याची खूण नसते. पहिल्या पानावर लोट्याचं तोंड जिथे वाकडं गेलंय, तिथेच ते चाळिसाव्या पानावरही वाकडं असतं. बघा, मोजा, काढा, वस्तूशी ताडून बघा आणि चुकलेली जागा लिहून ठेवा, इतकं झालं की सरावाची एक फेरी पुरी होते. शेवटच्या दोन पायऱ्या गाळल्या तर हात जुन्या चुकीवरच पक्का बसतो.

रोज ४० मिनिटं पुरतात. १० मिनिटं रेषा, २० मिनिटं समोर ठेवलेली एक वस्तू, १० मिनिटं तपासणी. ज्या दिवशी १५ मिनिटंच मिळतील, त्या दिवशी ३, ८ आणि ४ अशी वाटणी करा, पण तपासणी सोडू नका. आठवडाभर काही न करता रविवारी सलग चार तास बसणं फारसं उपयोगाचं नाही. तासाभरानंतर डोळा थकतो आणि हात सवयीनं चालायला लागतो.

साहित्य, आणि कूलरचा प्रश्न

एचबी, २बी आणि ६बी अशा तीन पेन्सिली घ्या. एचबी मांडणीसाठी, २बी बहुतेक सगळ्या कामासाठी, ६बी गडद सावलीसाठी. २एचसारखी कडक पेन्सिल कागदावर चर पाडते आणि खोडलं तरी तो चर दिसत राहतो. शार्पनरनं टोक आखूड निघतं, त्यामुळे पेन्सिल आडवी धरून छटा देता येत नाही. कटरनं सुमारे २ सेंटिमीटर लाकूड तासा आणि १ सेंटिमीटर शिस उघडं ठेवा. कार्ट्रिज म्हणजे चित्रकलेच्या जाडसर कागदाची, १३० ते १५० जीएसएमची (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) ए-५ वही जवळ ठेवायला सोयीची. रेषांच्या सरावाला मात्र साधे मोठे कागद वापरा, अगदी एका बाजूनं छापलेलेसुद्धा चालतील. चांगल्या वहीत रेषा गिरवायला जीव होत नाही आणि मग तो सरावच टळतो.

नागपुरात मार्च ते जून कूलर चालतो, त्याचा कागदावर परिणाम होतो. कूलरची हवा दमट असते. त्या झोतात ठेवलेला कार्ट्रिज कागद नरम पडतो, पेन्सिल रुतते, आणि रबर फिरवलं की कागदाचे तंतू उठतात. त्या जागी नंतर कितीही हलक्या हातानं छटा दिली तरी काळे ठिपके येतात. म्हणून झोताच्या बाजूला बसा आणि काम संपलं की वही कपाटात ठेवा. पावसाळ्यातही हीच काळजी घ्या.

पहिली १० मिनिटं: रेषा

कागदावर १५ सेंटिमीटर अंतरावर दोन ठिपके द्या. पेन्सिल कागदाला न टेकवता हात दोन-तीनदा हवेत त्या वाटेनं फिरवा, मग एका दमात रेषा ओढा. नजर पेन्सिलीच्या टोकावर नको, शेवटच्या ठिपक्यावर हवी. लहान रेषा मनगटातून येते, १० सेंटिमीटरच्या पुढची कोपर आणि खांद्यातून. लांब रेषा मनगटातून ओढली की ती कमानीसारखी वळते, कारण मनगट एका जागी टेकून फिरत असतं. थोड्या उभ्या, थोड्या आडव्या, थोड्या तिरप्या रेषा काढा. रेषा चुकली तर खोडू नका, पुढची काढा. तुटक तुटक ओढून जोडलेली केसाळ रेषा ही नवशिक्यांची सगळ्यात चिवट खोड आहे. हात भितो म्हणून ती येते आणि एका दमात ओढायच्या सरावानंच जाते.

मग ३ सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीत दोन्ही कडांना टेकणारी लंबवर्तुळं काढा. हात न उचलता प्रत्येकावरून दोनदा फिरा.

लोटा

शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्यांना वस्तुचित्राचा पेपर आठवत असेल. तोच लोटा पुन्हा काढा, पण आता घाई नाही. लोट्यापासून सुमारे एक मीटरवर बसा आणि चित्र होईपर्यंत बैठक बदलू नका. मान चार बोटं खाली गेली तरी तोंडाचं लंबवर्तुळ चपटं होतं.

हात पूर्ण ताठ करा, एक डोळा मिटा आणि पेन्सिलीवर अंगठ्यानं लोट्याच्या पोटाची रुंदी मोजा. ती उंचीत किती वेळा बसते ते बघा. कोपर वाकलं तर पेन्सिल डोळ्यापासून कमी-जास्त अंतरावर जाते आणि प्रत्येक माप वेगळं येतं. माप घेतलं की उभा मध्य अक्ष आखा. त्यावर तोंड, गळा, पोट आणि बूड यांच्या जागा ठरवा आणि चारही ठिकाणी पूर्ण लंबवर्तुळं काढा, मागची न दिसणारी बाजूसुद्धा.

बुडाशी जवळजवळ सगळेच चुकतात. लोटा टेबलावर सपाट टेकलाय हे ठाऊक असल्यानं खालची कड सरळ ओढली जाते. वस्तू डोळ्याच्या पातळीखाली असेल तर वर्तुळ जितकं खाली तितकं ते जास्त गोल दिसतं. म्हणजे बुडाची कड तोंडापेक्षा जास्त वळलेली हवी. दुसरी चूक टोकांची. लंबवर्तुळाची दोन्ही टोकं गोलाईनंच वळतात, तिथे कोन झाला की भांडं पिचकल्यासारखं दिसतं. शेवटी लोट्याकडे न बघता त्याच्या बाजूच्या रिकाम्या जागेचा आकार बघा. गळ्याशेजारची ती जागा कागदावर वेगळी आली असेल तर गळाही चुकलाय हे नक्की.

छटेसाठी संत्रं

हिवाळ्यात आंबिया बहाराची आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराची संत्री बाजारात असतात, तेव्हा त्यांच्यावरच छटा शिका. ट्यूबलाइट बंद करा. दोन दिवे असले की दोन सावल्या पडतात आणि काहीच कळत नाही. एकच टेबललॅम्प डावीकडून, वरून तिरपा ठेवा. डावखुऱ्यांनी तो उजवीकडे ठेवावा, म्हणजे हाताची सावली कागदावर पडणार नाही.

आधी पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पाच घरांची छटापट्टी करा. मग डोळे किलकिले करून संत्र्याचे दोनच भाग पाडा, उजेडातला आणि सावलीतला. त्या दोहोंमधली सीमारेषा हलकेच आखा. सावलीचा पूर्ण भाग आधी एकसारख्या मध्यम छटेनं भरा. संत्रं टेबलाला टेकतं तिथली फट सगळ्यात गडद. संत्र्याच्या खालच्या बाजूला टेबलावरून परतलेला मंद उजेड दिसेल. तो उजेडातल्या भागाइतका उजळ कधीच करू नका, नाहीतर गोलाई मोडते. सालीवरचे बारीक खड्डे फक्त उजेड आणि सावली भेटतात त्या पट्ट्यात दाखवा. सगळीकडे दाखवले की संत्र्याचा फणस होतो. देठापाशी साल सैल असते, तिथल्या चुण्या दोन-तीन रेषांत येतात. संत्र्यानंतर वांगं घ्या. गुळगुळीत सालीवर उजेडाचा ठिपका लहान आणि कडा स्पष्ट असलेला दिसतो, खरबरीत सालीवर तो पसरतो. हा फरक दोन्ही शेजारी ठेवून काढल्यावरच नीट कळतो.

रविवारी बाहेर

सकाळी सात-आठ किंवा संध्याकाळी पाचनंतर निघा. उन्हाचा त्रास टळतो हे खरंच, पण त्याहून मोठं कारण सावलीचं आहे. मे महिन्याच्या अखेरीस नागपुरात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि वस्तूंच्या सावल्या पायाखाली जातात. अशा उजेडात आकार सपाट दिसतात. झिरो माईलचा दगडी खांब आणि तिथले घोडे तिरप्या उन्हात काढून बघा, घोड्यांच्या मानेची गोलाई सावलीमुळेच समजते. ऊन फारच झालं तर अजब बंगल्यातली, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयातली शिल्पं आहेत. ती हलत नाहीत, त्यामुळे मापं शांतपणे घेता येतात. आत काढू देतात का, ते दारावरच विचारा.

यथादर्शनासाठी, म्हणजे दूर जाणाऱ्या वस्तू लहान होत जाताना दाखवायच्या सरावासाठी, वर्धा रोडवरच्या दुमजली मेट्रो पुलासारखी जागा नाही. फुटपाथवर सुरक्षित ठिकाणी उभं राहा. तुमच्या डोळ्याच्या उंचीची आडवी रेषा म्हणजे क्षितिज. पुलाच्या लांबीच्या दिशेनं जाणाऱ्या सगळ्या कडा तिच्यावरच्या एका बिंदूकडे जातात. खांबांमधलं अंतर अंदाजानं कमी करत गेलात तर ते फसतं. त्यापेक्षा पहिले दोन खांब बघून काढा. खांबांच्या उंचीच्या मध्यातून जाणारी रेषा त्या बिंदूकडे न्या. आता पहिल्या खांबाच्या माथ्यापासून दुसऱ्याच्या मध्यबिंदूतून तिरपी रेषा ओढा. ती जमिनीच्या रेषेला जिथे मिळेल तिथे तिसरा खांब. पुढचे खांबही असेच. मात्र रस्ता वळतो किंवा खांबांमधलं अंतर बदलतं तिथे ही युक्ती थांबवा.

माणसांसाठी तर्री-पोह्याचा ठेला उत्तम. माणूस प्लेट घेऊन काही मिनिटं तरी एका जागी उभा असतो. दोन मिनिटांची रेखाटनं करा. आधी पाठीच्या कण्याची रेषा, मग खांद्यांचा आणि कमरेचा कल, मग भार पेलणारा पाय. माणूस एका पायावर भार देऊन उभा असेल तर गळ्याच्या खळगीतून सोडलेली उभी रेषा त्याच पायाच्या आसपास पडते. ती चुकली की आकृती पडल्यासारखी दिसते. चेहरा शेवटी. चेहऱ्यापासून सुरुवात केली तर डोकं मोठं होतं आणि पायांना कागद उरत नाही. उभ्या प्रौढ माणसाची उंची साधारण साडेसात डोकी भरते आणि डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात, कपाळाजवळ नाही. कुणाच्या लक्षात आलं आणि आवडलं नाही असं दिसलं तर वही मिटा.

महाराजबागेतल्या प्राण्यांचं तंत्र वेगळं. एकाच पानावर चार-पाच रेखाटनं अर्धवट सुरू ठेवा. प्राणी हलला की दुसरं घ्या, तो पुन्हा तशाच ठेवणीत आला की पहिल्याकडे या.

तपासणी

पान दोन मीटरवर ठेवून बघा, मग आरशात, मग उलटं करून. सरळ बघताना डोळा सवयीनं चूक सांभाळून घेतो, आरशात तिरपेपणा लगेच उघडा पडतो. पानाच्या कोपऱ्यात तारीख आणि एक ओळ लिहा: ‘उजवी बाजू फुगली’, ‘बूड सपाट’. शनिवारी आठवड्याच्या ओळी वाचा. जी चूक सगळ्यात जास्त वेळा आली असेल, तिच्यावरच पुढच्या आठवड्याची रेषांची १० मिनिटं खर्च करा. महिन्यानं तोच लोटा, त्याच जागी, जुनं पान न उघडता काढा आणि मग दोन्ही शेजारी ठेवा.

मधे एक टप्पा असा येतो की आपली चित्रं आधीपेक्षा वाईट वाटू लागतात. डोळा हाताच्या पुढे गेलेला असतो, त्यामुळे आधी न दिसणाऱ्या चुका दिसू लागतात. अशा वेळी महाग पेन्सिली घेऊ नका, पुन्हा लोट्याकडे या. फोटोवरून आठवड्यात एकदाच काढा. फोटोत खोली आधीच सपाट झालेली असते, ती सपाट करण्याचं काम तुमच्या वाट्याला येतच नाही.

दोन-तीन महिन्यांनी आठवड्यातला एक दिवस साध्या बॉलपेनानं काढा. खोडता येत नसल्यानं रेषेआधी बघणं आपोआप वाढतं. पेनाला जोर न देता हलकं सुरू करा, आणि चुकलेली रेषा तशीच ठेवून तिच्या शेजारी बरोबर रेषा ओढा.