दुर्बिणीतला पॅरॅलॅक्स कसा घालवला

एअर रायफलीवर दुर्बीण बसवल्यापासून 10 मीटरवरच्या कागदावर छर्रे कधी डावीकडे, कधी उजवीकडे विखरत होते आणि माउंटचे (दुर्बीण रायफलीवर धरून ठेवणाऱ्या पकडीचे) स्क्रू आवळूनही फरक पडत नव्हता. तेव्हा रिकामी रायफल वाळूच्या पिशव्यांवर पक्की ठेवून, तिला हात न लावता डोळा किंचित वरखाली व बाजूला हलवून पाहिला, तर दुर्बिणीतली फुली काळ्या वर्तुळावरून सरकताना स्पष्ट दिसली. हाच पॅरॅलॅक्स. लक्ष्याची प्रतिमा आणि फुली एकाच प्रतलात नसली, की गाल दस्त्यावर जरा वेगळा टेकला तरी नेम बदलतो. मोठ्या रायफलींसाठीच्या अनेक दुर्बिणी 100 यार्डांवर पॅरॅलॅक्स राहू नये अशा जुळवलेल्या असतात, म्हणून जवळच्या अंतरावर हा दोष फार जाणवतो. (ऑलिंपिक रायफल प्रकारांत दुर्बीण चालतच नाही, स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले ते छिद्रातून नेम धरायच्या, भिंग नसलेल्या साईटवर.)

आधी पांढऱ्या भिंतीकडे पाहत डोळ्याजवळची कडी फिरवून फुली रेखीव केली. मग पुढच्या भिंगाभोवतीची, पॅरॅलॅक्स घालवणारी कडी, तिच्यावरच्या अंतराच्या आकड्यांवर फारसा विश्वास न ठेवता, डोळा हलवूनही फुली जागची हलेनाशी होईपर्यंत फिरवली. छर्रे एका जागी जमू लागल्यावरच एलिव्हेशन (वरखाली नेम) आणि विंडेजच्या (डावा-उजवा नेम) चकत्यांना हात लावला.