ट्यूटोरियलमध्ये मुलांना बोलतं कसं करायचं

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी ट्यूटोरियलला उत्तरं तयार करून न्यायचे. संख्याशास्त्राचे 8 प्रश्न, आठही फळ्यावर सुबक सोडवलेले. मुलं माना खाली घालून उतरवून घ्यायची आणि मी खुश. परीक्षेत तोच प्रश्न आकडे बदलून आला, तर कित्येकांनी माझंच उत्तर माझ्याच आकड्यांसकट लिहून ठेवलं होतं.

आता तासाला 2 प्रश्न नेते, तिसरा राखीव. प्रश्न निवडताना एवढंच बघायचं, की चुकीचं उत्तर पटकन सुचायला हवं. माझा आवडता प्रश्न: वर्गातल्या प्रत्येकाचे गुण 5 ने वाढवले, तर सरासरी किती वाढेल? आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप? सरासरीचं उत्तर सगळे एका सुरात देतात. विचलनाला जरा चुळबुळ होते.

इथे गप्प बसायचं. सगळ्यात अवघड काम हेच. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी 1970 च्या दशकात शाळेतल्या विज्ञानाच्या तासांचं रेकॉर्डिंग तपासलं, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम 1 सेकंद थांबतात असं दिसलं. 3 सेकंद थांबले की उत्तरं लांबायची, एरवी गप्प असणारी मुलंही बोलायची. कॉलेजात मला 3 सेकंदही पुरत नाहीत. मी डस्टर घेऊन फळा पुसते, कोरा असला तरी. पाठ फिरवली की मुलांना धीर येतो, आणि माझं तोंडही बंद राहतं.

तरीही कोणी बोललं नाही, तर आपापलं उत्तर वहीत लिहायला सांगायचं. मग बोटांनी मत: पर्याय 1, 2 की 3, बोटं छातीशी धरून, म्हणजे शेजाऱ्याचं बघून बदलता येत नाही. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझूर मोठ्या वर्गात साधारण हेच करत आले आहेत. त्यांचा ठोकताळा मी उचललाय: 30 ते 70 टक्के उत्तरं बरोबर असली की मुलांना आपापसात भांडू द्यायचं. त्याहून कमी असली तर मुद्दाच पोचलेला नाही, परत शिकवायचा. फारच जास्त असली तर पुढे सरकायचं.

चुकीचं उत्तर आलं की 'चूक' म्हणायचं नाही, आणि चेहऱ्यानेही म्हणायचं नाही, जे मला अजून नीट जमत नाही. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "विचलनही 5 ने वाढेल, मॅडम." मी म्हटलं, "ये, करून दाखव." त्याने फळ्यावर 40, 50, 60 लिहिलं आणि खाली 45, 55, 65. सरासरी 50 ची 55 झाली. मग सरासरीपासूनची अंतरं काढायला घेतली: वर उणे 10, शून्य, 10. खालच्या ओळीला उणे 10 लिहून तो थबकला. "अरे, सगळेच सरकले की!" आपलं '5 ने' त्याने स्वतःच पुसलं. मी हे दहा वेळा सांगितलं असतं तरी त्याच्या डोक्यात असं बसलं नसतं.

दरवेळी पहिला हात वर करणारा एक असतोच. त्याला गप्प करू नका, "तुझं 2 मिनिटं राखून ठेव" म्हणा. नावं पहिल्या दोन आठवड्यांत पाठ करा, बाकांचा नकाशा काढून. स्वतःला उत्तर येत नसेल तर प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहा आणि पुढच्या तासाला खरंच उत्तर द्या. एकदा विसरलात तर मुलं ते कायम लक्षात ठेवतात. वह्या तपासताना आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा. वेळ वाचतो आणि गुणही सारख्या मापाने पडतात.

पोर्शन मागे पडतो का? पडतो. उरलेले 6 प्रश्न मी उत्तरांसकट छापून वाटते. त्यातल्या एका उत्तरात मुद्दाम चूक ठेवते. ज्याला सापडेल त्याने पुढचा तास सुरू करायचा. मागच्या सत्रात एका मुलीने दोन चुका काढल्या. दुसरी मी ठेवलेली नव्हती.