बाबांची जुनी पद्मिनी विकायचीय? आधी कागद, मग गिऱ्हाईक

बाबा जाऊन महिना झाला नाही तोच सोसायटीत लोक विचारायला लागले, गाडीचं काय करणार. आमची 1984 ची प्रीमियर पद्मिनी, पांढरी, स्टीअरिंगलाच गिअर असलेली, आणि मला ती वर्षभर विकवेना. शेवटी विकली, चांगल्या हातात गेली. आता मैत्रिणी, मामेभाऊ सगळे हेच विचारतात म्हणून जे जे कळलं ते लिहून ठेवतेय.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते, गाडी बाबांच्या नावावर असताना विकू नका. मला एका एजंटने सरळ सांगितलं, "ताई, फॉर्म 29 आणि 30 वर बाबांची सही तुम्हीच करून टाका, कोण बघतंय." हे गाडी विकताना मालकाचं नाव बदलायचे फॉर्म. अजिबात करायची नाही. एक तर ती खोटी सही, आणि आरसीवर ज्याचं नाव तोच मालक धरतात, उद्या घेणाऱ्याने कुणाला ठोकलं तर भरपाई नोंदलेल्या मालकाकडे मागतात, सुप्रीम कोर्टानेही 2018 मध्ये हेच म्हटलंय. मग ती नोटीस कुठे येणार, आईच्याच दारात.

नियम असा की मालक गेल्यावर 30 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून गाडी वारसाच्या नावावर करायची. उशीर झाला तरी होतं, जास्तीची फी भरावी लागते. मृत्यूचा दाखला, मूळ आरसी, वारसांचं प्रतिज्ञापत्र, बाकीच्या वारसांची एनओसी, चालू इन्शुरन्स, पीयूसी, आधार आणि पॅन एवढं तयार ठेवा, प्रत्येक आरटीओत एखादा कागद जास्त मागतात त्यामुळे आधी एकदा काउंटरवर विचारून या. भावाबहिणींची सही पहिल्याच महिन्यात घ्या, सगळे एकत्र आलेले असतात तेव्हा, नंतर एक पुण्यात एक दुबईत असं झालं की तेच काम चार महिने लांबतं. आणि बाबांच्या नावावरची पॉलिसीसुद्धा त्यांच्या पश्चात तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, जे आधी असेल तेवढीच चालते, ते विसरू नका.

जुन्या गाडीची आरसी म्हणजे पिवळं पडलेलं पुस्तक, त्यातला नंबर सरकारच्या ‘वाहन’ या गाड्यांच्या नोंदीच्या वेबसाइटवर टाकला तर कधीकधी काहीच येत नाही. मग आरटीओत बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुन्या पुस्तकातली नोंद कॉम्प्युटरवर चढवून घ्यावी लागते. त्याआधी बॉनेट उघडून चेसिस नंबरचा पेन्सिलने ठसा काढा आणि पुस्तकातल्या नंबराशी एकेक आकडा ताडून बघा. आमच्याकडे गाडीवर 8 होता आणि पुस्तकात कुणीतरी 3 लिहिलेला, चाळीस वर्षं कुणाच्या लक्षात नाही, तेवढ्या एका आकड्यासाठी माझे तीन हेलपाटे झाले. शिवाय 15 वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फॉर्म 25 भरून पासिंग करायचं असतं आणि आपल्याकडे महाराष्ट्रात पर्यावरण करही भरायचा असतो, तो थकला असेल तर तोही आधी भरून टाका. गाडी 50 वर्षांच्या वरची असेल आणि मूळ रूपात असेल तर 2021 च्या नियमाने विंटेज नोंदणीही मिळते, नवीन नोंदणीची फी 20,000, पण मग ती रोज रस्त्यावर चालवता येत नाही. पद्मिनी हे नाव 1974 पासूनचं, म्हणजे अगदी सुरुवातीच्या गाड्या आत्ता कुठे त्यात बसतायत.

आता गाडीकडे वळू. बंद पडून वर्ष झालं असेल तर उत्साहात किल्ली फिरवू नका, जुनं पेट्रोल टाकीत आणि कार्बोरेटरमध्ये डिंकासारखं चिकट होतं. मेस्त्रीला बोलवा, टाकी रिकामी करून घ्या, प्लग काढून थोडं ऑइल सोडा, इंजिन आधी हाताने फिरतंय का बघा. ब्रेक तर नक्की बघा. पण रंग काढू नका, कृपा करून. जाणकार माणूस खिशात लोहचुंबक घेऊन येतो, दाराच्या खालच्या कडेला आणि चाकाच्या कमानीला लावतो, जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी भरलीय हे त्याला लगेच कळतं, मग ताजा चकचकीत रंग बघून त्याचा संशयच वाढतो. पत्रा कुठे सडलाय ते आपणच दाखवावं, मी फ्लोअरचा भोक पडलेला भाग मॅट उचलून दाखवला.

डॅशबोर्डच्या खणात, माळ्यावर, जुन्या सुटकेसमध्ये शोधा, बिलं, सुटी पानं, स्पेअर किल्ली, ओरिजिनल व्हील कॅप, सगळं गाडीबरोबर जाऊ दे. बाबांनी एक वही ठेवली होती, दर वेळी पेट्रोल किती भरलं, किलोमीटर किती, ऑइल कधी बदललं, सगळं पेन्सिलने. घेणारा गाडीपेक्षा ती वहीच जास्त वेळ वाचत बसला होता.

भाव ठरवताना जाहिरातीतले आकडे बघून चालत नाही, ते मागितलेले असतात, मिळालेले नाहीत. किमान तिघांना दाखवा. आम्हाला एकाने भंगाराचा भाव सांगितला, एकाने लग्नाच्या शूटसाठी सत्तर हजार, आणि ज्याला खरंच चालवायची होती त्याने दीड लाख. जुन्या गाड्यांच्या क्लबवाल्यांना विचारा, मुंबईत विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया आहे, पद्मिनी म्हणजे मुळात फियाटच, त्या फियाटवाल्यांचे फेसबुक ग्रुपही आहेत. दिल्लीचं गिऱ्हाईक आलं तर जपून, तिकडे 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आहेत.

पैसे बँकेतूनच घ्या, दोन लाख किंवा जास्त रोख घेणं कायद्यातच बसत नाही. पूर्ण रक्कम खात्यात आल्याशिवाय किल्ली देऊ नका. देताना तारीख आणि वेळ घालून डिलिव्हरी नोट करा, दोघांच्या सह्या, त्याच्या आधारची झेरॉक्स, गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर फॉर्म 28 ची एनओसी. आणि 29, 30 भरून झालं म्हणजे संपलं असं समजू नका, पोर्टलवर नाव बदललेलं दिसेपर्यंत दर आठवड्याला बघत राहा. आमचं अडतीसाव्या दिवशी बदललं, मी आईला मोबाइलवर दाखवलं, तिने चष्मा लावून नंबर दोनदा वाचला आणि मग देवापुढची किल्ल्यांची रिकामी रिंग उचलून कपाटात ठेवली.