विमानाच्या होल्डमध्ये माल भरताना या चुका टाळा

दोन कंटेनरांची पुढे-मागे अदलाबदल झाली, तरी विमानाचं एकूण वजन एका किलोनेही बदलत नाही. म्हणूनच ही चूक पटकन कुणाच्या ध्यानात येत नाही. पण वैमानिक ट्रिम (विमानाचा पुढे-मागे तोल राखणारी मांडणी) लावतो तो लोडशीटवरच्या, म्हणजे कुठे किती वजन आहे त्या तक्त्यावरच्या, आकड्यावरून. पुढचा म्हणून लिहिलेला जड कंटेनर खरं तर मागे बसला असेल, तर गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि धावपट्टीवर नाक वेळेआधीच उचलायला लागतं. कंटेनरचा नंबर होल्डच्या (विमानाच्या पोटातल्या मालाच्या जागेच्या) दारात पूर्ण वाचा, मोठ्याने वाचा. शेवटचे दोन अंक जुळले म्हणून आत ढकलू नका. जागा बदलावीच लागली, तर आधी लोडशीट बनवणाऱ्या लोड कंट्रोलला कळवा. नवी लोडशीट वैमानिकाच्या हातात पडेपर्यंत विमान हलता कामा नये.

कंटेनर जागेवर धरणारं जमिनीवरचं लॉक पायाने उचललं आणि न बघता पुढे निघालं, ही दुसरी सवय. वाकून बघा, कंटेनर हलवून बघा. लॉक उठत नसेल तर पुष्कळदा खाचेत लाकडाची चीप किंवा पट्ट्याचा तुकडा अडकलेला असतो. तो काढूनही उठलं नाही, तर हातोडी मारू नका, तंत्रज्ञाला बोलवा. त्या जागी किती वजन चालेल, की ती रिकामीच ठेवायची, हे विमानाचं मॅन्युअल सांगतं. माल धरणाऱ्या जाळीचा हुक तुटला असेल तर दोरीने भागवू नये.

दाराचं हँडल बसलं म्हणजे दार लागलं, असं धरून चालू नका. 3 मार्च 1974 रोजी पॅरिसजवळ डीसी-10 हे प्रवासी विमान कोसळलं, 346 माणसं गेली. मूळ दोष रचनेचा होता, लोडरचा नव्हे: मागच्या कार्गो दाराच्या कड्या पूर्ण बसल्या नसतानाही हँडल खाली गेलं, आणि दार हवेत उघडलं. लॉकपिना तपासायला दारात छोटी काचही होती. उड्डाणाआधी तिच्यातून कुणी पाहिलं नाही.

सर्वांत जास्त जपायचं ते कागदावरच्या शब्दांना. 11 मे 1996 रोजी व्हॅल्यूजेट या विमान कंपनीच्या डीसी-9 मध्ये ऑक्सिजन जनरेटरचे (रसायनातून ऑक्सिजन तयार करणाऱ्या, चालू झाले की खूप तापणाऱ्या डब्यांचे) पाच खोके चढले. कागदावर ते ‘रिकामे’ होते. प्रत्यक्षात बरेचसे न वापरलेले, सुरक्षा टोप्या न लावलेले. होल्डमध्ये आग लागली, 110 जणांचा जीव गेला. ‘रिकामं’, ‘सुटे भाग’ असं मोघम लिहिलेलं दिसलं की विचारा, आत नेमकं काय आहे. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या तर 1 एप्रिल 2016 पासून प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाहीत.

उतरवताना पुढचा होल्ड आधी रिकामा करू नका. बऱ्याच विमानांची शेपटी त्याने जमिनीला टेकू शकते. आणि होल्डच्या भिंतीचं पॅनेल खोक्याचा कोपरा लागून फाटलं, तर चिकटपट्टी लावून झाकू नका. आग लागलीच तर ती होल्डमध्येच कोंडून ठेवायचं काम त्या भिंतीचं असतं. दार बंद व्हायच्या आत तंत्रज्ञाला फाटलेली जागा दाखवा.