एफटीएलमध्ये स्क्रॅप आधी कुठे घालायचा, गन बघून पाघळू नका

सातपूरला सेकंड शिफ्ट करून घरी येतो तेव्हा साडेबारा वाजलेले असतात, झोप काही लगेच येत नाही, मग जुना लॅपटॉप काढायचा आणि एफटीएल लावायचा. २०१२ चा गेम आहे, पूर्ण नाव फास्टर दॅन लाईट, अंतराळातलं शिप चालवत एकेक सेक्टर म्हणजे टप्पा पार करायचा आणि मिळालेल्या स्क्रॅपने, म्हणजे गेममधल्या पैशाने, शिप वाढवायचं, आमच्या डब्ब्यावरपण मस्त चालतो. परवा निफाडहून मावसभाऊ आला, म्हणे दादा मी दुसऱ्या सेक्टरच्या पुढे जातच नाही रे. त्याचं शिप बघितलं तर केस्ट्रेल, सुरुवातीचंच, वेपन्सची लेव्हल वाढवून ठेवलेली आणि गन मात्र त्याच दोन, बर्स्ट लेझर आणि मिसाईलवाली. म्हटलं अरे येड्या, लावायला गनच नाही तर त्या लेव्हलचं लोणचं घालणारेस का?

तर पहिलं काम शिल्ड, म्हणजे शिपभोवतीचं कवच. शिल्डचा एक थर म्हणजे २ लेव्हल, त्यामुळे एकच वाढवून थांबलात तर ते पैसे पाण्यात, दोन्ही घ्यायच्या, ५० स्क्रॅप जातात. पण दोन थर झाले की समोरच्याने दोन गोळ्या एकदम मारल्या तरी हलला, म्हणजे शिपच्या अंगाला, ओरखडा नाही. आणि हल दुरुस्त करायचा म्हणजे पहिल्या सेक्टरांतच पॉइंटामागे २ स्क्रॅप, पुढे अजून महाग, म्हणजे मार खाल्ला की अपग्रेडचे पैसे गॅरेजमध्येच जिरतात.

आता पॉवर. इथेच बहुतेक जण गंडतात. सिस्टम वाढवली की लगेच रिअ‍ॅक्टरचे बारही (म्हणजे शिपची वीज) तेवढेच घ्यायला धावतात. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर आपण काय करतो, पंखा चालू, टीव्ही बंद, मिक्सरला तर आई हातच लावू देत नाही, तसंच करायचं. कोणी जखमी नसेल तर मेडबेची, म्हणजे शिपमधल्या दवाखान्याची, पॉवर काढून घ्या. ऑक्सिजनची पण लढाईत थोडा वेळ काढता येते, हवा हळूहळू कमी होते, फक्त परत लावायला विसरू नका (मी एकदा विसरलो, तिघंही गुदमरले, शत्रूने काहीच केलं नव्हतं). एवढं करूनही कमी पडलं तरच बार घ्या.

दरवाजे, हे कोणी मनावरच घेत नाही. दुसऱ्या लेव्हलला फार स्क्रॅप जात नाही. आधीच्या दरवाज्यातून शिपवर घुसलेले मँटिससारखे शत्रू सरळ घरच्यासारखे फिरतात, मजबूत केला की तो फोडत बसावं लागतं, तेवढ्यात आपली माणसं बाजूला काढायची आणि बाहेरचे एअरलॉक उघडून त्या खोलीची हवा सोडून द्यायची. आग पण अशीच विझते. स्पेसबार दाबून गेम थांबवा आणि निवांत एकेक दरवाजा क्लिक करा, घाईत चुकीचा उघडला तर आपलेच मरतात.

मग इंजिन थोडं, कारण मिसाईल शिल्डला विचारतच नाही, थेट आत, तिला चुकवायचं तर इंजिनच लागतं. पायलटच्या खुर्चीवर मात्र माणूस हवाच, पहिल्या लेव्हलला ती रिकामी राहिली तर चुकवणं शून्य. सेन्सर, मेडबे, ऑक्सिजन वाढवणं सध्या राहू द्या.

आणि दुकान जवळ आलं की हात आखडता घ्या. अपग्रेड तर लढाई नसेल तेव्हा कुठेही होतं, गन मात्र बहुतेक वेळा दुकानातच मिळते, तिथे पोचल्यावर खिसा रिकामा असला की लई जीव जळतो. नवी गन हातात आली मगच वेपन्सची लेव्हल. ती लागणारच आहे, कारण आठव्या सेक्टरच्या फ्लॅगशिपला, म्हणजे शत्रूच्या मुख्य शिपला, शिल्डचे ४ थर असतात आणि केस्ट्रेलचा बर्स्ट लेझर एका वेळी ३ गोळ्या मारतो, बसा मोजत. भाऊ काल रात्री पाचव्या सेक्टरपर्यंत गेला, दरवाजे केलेत म्हणाला.