पाणी प्या म्हणण्याआधी

स्थलांतरित शेतमजुरांच्या आरोग्याचं काम सुरू केलं तेव्हा माझ्या पिशवीत 'भरपूर पाणी प्या' सांगणारी चित्रं होती. बांधावर बसून मी ती दाखवायचे. सगळे मान डोलवायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. शेवटी एका बाईंनीच मला समजावलं, "ताई, काम उक्तं आहे, जेवढं काम तेवढेच पैसे. पाण्याला गेलं की हात थांबतो. आणि जास्त प्यालं की आडोशाला जावं लागतं, तो इथं आहे कुठं?"

म्हणून नव्यानं येणाऱ्यांनो, आधी मजुरी कशी ठरते ते विचारा. मग पाणी आणि शौचालय किती लांब आहे ते स्वतः चालून बघा. उन्हात दर 15-20 मिनिटांनी पेलाभर पाणी हवंच. पण ते काम चाललंय तिथं पोचायला हवं आणि विसाव्याची मजुरी कापली जाता कामा नये. ही बोलणी मुकादमाशी आणि शेतमालकाशीच करावी लागतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 2001 चा 184 क्रमांकाचा करार सांगतो, की हंगामी मजुराला कायम मजुराइतकंच संरक्षण मिळायला हवं. तो वाचून जा.

सगळ्यात जास्त जपायचे ते पहिले काही दिवस. उन्हाची सवय नसलेल्याला पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या 20 टक्केच काम द्यावं, पुढे रोज फार तर तेवढंच वाढवावं. कर्ज डोक्यावर घेऊन आलेला माणूस मात्र पहिल्याच दिवशी जीव तोडून राबतो. त्याच्यावर नजर ठेवा. अंग तापून तो बरळायला लागला तर लगेच अंगावर गार पाणी ओता आणि दवाखान्यात हलवा. त्या अवस्थेत पाणी पाजू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जाऊ शकतं.

माझी एक चूक अजून सलते. फवारणीहून आलेल्या एका तरुणाला मळमळ, चक्कर, दरदरून घाम. मला वाटलं ऊन लागलं. भिजल्या कपड्यांतच मी त्याला सावलीत बसवून ठेवलं. दवाखान्यात डॉक्टरांनी आधी डोळे पाहिले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, तोंडाला लाळ. ती ऑर्गेनोफॉस्फेट कीटकनाशकाची विषबाधा होती. तो वाचला. तेव्हापासून डोळे आधी बघते, हातमोजे घालून कपडे उतरवते, अंग साबणानं धुते आणि फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचं लेबल सोबत नेते.

टोळी पुढच्या गावी निघाली की नोंदी तुमच्या कपाटात ठेवू नका. टीबीच्या गोळ्या कुठवर आल्या, गरोदर बाईची तपासणी कधी झाली, तो कागद प्लास्टिकमध्ये घालून त्यांच्याच हातात द्या.