गोल्डनरॉडला निघण्याआधी

आधी वार बघा. पोकेमॉन, औषधं, पैसे हे सगळं नंतर. गोल्डनरॉड सिटी हे पोकेमॉनच्या, म्हणजे प्राणी पकडून त्यांना लढवायच्या, व्हिडिओ गेममधल्या जोटो विभागातलं सगळ्यात मोठं शहर खरं, पण त्याचा कारभार आमच्या अमळनेरकडच्या आठवडे बाजारासारखा. चुकीच्या दिवशी गेलात की निम्मी दुकानं बंद, आणि बंद दुकानासमोर उभा असलेला माणूस नेमका काय विकतो हेही कळत नाही. खेळाच्या सुरुवातीला खेळातली आई तुम्हाला वार विचारते, तिथेच ही चूक होते. माझ्या भाच्याने बुधवारी खेळ सुरू केला आणि वार ठेवला रविवार. का, तर म्हणे, ‘सुट्टी शे ना मामा, मंग रोजच रविवार.’ पुढे पंधरा दिवस त्याचा अख्खा बाजार चुकला.

ही यादी मी त्याच्यासाठीच केली होती. मे महिन्यात खान्देशातलं ऊन बाहेर पडू देत नाही. दुपारी बारा ते पाच घरात कोंडलेल्या पोराला दुसरं करायचं तरी काय? खेळ जुना आहे. पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हर जपानात १९९९ साली आले, क्रिस्टल २००० च्या डिसेंबरात. हार्टगोल्ड-सोलसिल्व्हर ही त्यांची नवी आवृत्ती २००९ ची. मी लिहितोय ते मुख्यतः पहिल्या तिघांबद्दल. हार्टगोल्डवाल्यांना शहर ओळखीचं वाटेल, पण आकडे आणि बारकावे थोडे इकडेतिकडे होतील.

वार कळला की दुसरी गोष्ट कार्ट्रिजची, म्हणजे खेळाच्या डबीची, बॅटरी. या तिन्ही कार्ट्रिजांच्या आत एक नाण्यासारखी गोल बॅटरी असते, सीआर २०२५. तुमचा सेव्ह केलेला खेळ तिच्यावर आणि घड्याळही तिच्यावर. घड्याळ रात्रंदिवस चालतं म्हणून ती लवकर संपते. मी एका ठिकाणाहून जुनं कार्ट्रिज घेतलं, देणाऱ्याने ‘एकदम ओके’ म्हणून दिलं, आणि तीन बॅज, म्हणजे जिममधल्या लढाया जिंकल्याचे बिल्ले, कमावल्यावर एका सकाळी खेळ नव्याने सुरुवात कर म्हणाला. तेव्हा घेतल्या घेतल्या थोडं खेळा, सेव्ह करा, एक दिवस बंद ठेवा आणि मग उघडून बघा. बदलायचीच असेल तर खेळ सुरू करण्याआधी बदलून घ्या, कारण जुनी बॅटरी काढली की जुना खेळ गेला. हे ज्यावर खेळायचं त्या गेम बॉय कलरला पेन्सिल सेल दोन लागतात, ते चार आणून ठेवा. आणि त्याच्या पडद्याला स्वतःचा उजेड नाही हे विसरू नका. रात्री लाइट गेली की खेळ संपला. ओसरीवर सकाळचं ऊन येतं ती जागा उत्तम.

आता वारांचा हिशोब. सोमवारी सकाळी, म्हणजे घड्याळात चार ते दहाच्या मधे, शहराखालच्या भुयारी मार्गात एक माणूस स्वस्तात माल विकतो. त्याच्याकडे नगेट असतं, सोन्याचा गोळाच तो. ४५०० ला घ्यायचं आणि कुठल्याही दुकानात ५००० ला विकायचं. जळगावच्या सराफ बाजारात असा भाव कोणी सांगितला तर आपण आधी कसोटीचा दगड मागवू, इथे मात्र डोळे मिटून घ्या. फक्त दर वस्तूचा एकच नग मिळतो. त्याच भुयारात दोन न्हावी भाऊ आहेत. थोरला मंगळवार, गुरुवार, शनिवार बसतो आणि ५०० घेतो. धाकटा रविवार, बुधवार, शुक्रवार, ३०० मधे. ते तुमच्या पोकेमॉनचे केस कापतात आणि त्याची तुमच्यावरची माया वाढते. सोमवारी दोघेही नाहीत. आपल्याकडच्या सलूनना सोमवारी सुट्टी असते हे त्या जपानी मंडळींना कोणी सांगितलं होतं देव जाणे. शनिवार-रविवारी तिथेच कडू औषधं विकायला बसतात. स्वस्त आणि जालीम, पण पाजली की पोकेमॉन रुसतो. लहानपणी मला काढा पाजणाऱ्या आजीवर मीही असाच रुसायचो. रविवारी डिपार्टमेंट स्टोअरच्या पाचव्या मजल्यावर एक बाई रिटर्न नावाच्या लढाईतल्या चालीचं टीएम, म्हणजे ती चाल शिकवायची वस्तू, देते, मात्र तुमच्या रांगेतल्या पहिल्या पोकेमॉनला तुमचा लळा असेल तरच. मंगळवार, गुरुवार, शनिवार शहराच्या उत्तरेला नॅशनल पार्कात किडे पकडायची स्पर्धा.

या सगळ्याची गोळाबेरीज करून मी ठरवलं ते असं: शनिवारी पोचायचं, रविवार फिरण्यात घालवायचा, सोमवारी सकाळी भुयारातला बाजार करून मगच जिमची, म्हणजे शहराच्या म्होरक्याशी लढायच्या आखाड्याची, पायरी चढायची. खेळाचं घड्याळ खऱ्या घड्याळाबरोबर चालतं, म्हणजे हे तीन दिवस खरोखरचे तीन दिवस. भाचा कुरकुरला. मी त्याला म्हटलं, लग्नाचा बस्ता बांधायला अमळनेरहून धरणगाव-पाळधी करत जळगावला गेलो की दिवस मोडतोच ना? फुले मार्केटात पहिल्याच दुकानात साडी घेणारी बाई आपल्या घराण्यात झालेली नाही.

पैशांचं बघा. निघताना आईने पैसे साठवू का विचारलं असेल आणि तुम्ही हो म्हटलं असेल, तर जिंकलेल्या रकमेतला काही भाग ती परस्पर बाजूला ठेवते. शिवाय त्यातून न विचारता बाहुल्याबिहुल्या घेते आणि फोन करून सांगते. ही भिशी काढायला पार सुरुवातीच्या गावाला, न्यू बार्क टाउनला, परत जावं लागतं. म्हणून वाटेतलं आधीचं गाव, अझालिया टाउन, सोडायच्या आधीच तिला फोन करून आता थांब म्हणा. शहरात लागेल ते हातात हवं.

वाटेत इलेक्स फॉरेस्ट लागतं. तिथे झुडूप कापायला कट ही चाल हवी, कट वापरायला अझालियाचा म्होरक्या बग्सी याचा बॅज हवा. हे ज्याच्याकडे नाही तो गोल्डनरॉडला पोचतच नाही, त्यामुळे यावर जास्त लिहीत नाही. जंगलाबाहेर रूट ३४ वर मात्र थांबा. गोल्ड-सिल्व्हर असेल तर इथे एक ड्राउझी पकडा, क्रिस्टल असेल तर अ‍ॅब्रा. अ‍ॅब्रा समोर आला की पहिल्याच खेपेला टेलिपोर्ट करून पळतो, त्यामुळे वेळ न घालवता बॉल फेका. हे पोकेमॉन बाळगायला नकोत, ते द्यायचे आहेत. कोणाला, ते पुढे येतं. याच रस्त्यावर पोकेमॉन सांभाळणारे डे-केअरवाले म्हातारा-म्हातारी राहतात. क्रिस्टलमध्ये ते एक अंडं देतात, तेव्हा सोबतच्या पोकेमॉनच्या सहा जागांतली एक रिकामी ठेवूनच त्यांच्या दारात जा.

शहरात शिरल्यावर सगळ्यात आधी सायकलचं दुकान. मालक जाहिरात व्हावी म्हणून सायकल फुकट देतो. फुकट मिळते म्हणून लाजायचं काही कारण नाही, घ्या आणि बाकी शहर तिच्यावरून हिंडा. मग रेडिओ टॉवर. खाली पाच प्रश्न विचारतात, हो किंवा नाही एवढंच सांगायचं. पाचही बरोबर आले की रेडिओ कार्ड मिळतं. त्याच इमारतीत आठवड्याचा लकी नंबर निघतो. तुमच्या पोकेमॉनच्या आयडीचे पाचही आकडे जुळले तर मास्टर बॉल, पोकेमॉन हमखास पकडणारा. माझे आजवर दोनच जुळलेत. म्हणून दुसऱ्यांकडून बदलून घेतलेले पोकेमॉन जवळ असलेले बरे, दर मूळ मालकामागे एक वेगळा आयडी म्हणजे एक वेगळं तिकीट. सात बॅज झाल्यावर हाच टॉवर टीम रॉकेट या गुंडांच्या टोळीच्या ताब्यात जाईल, तेव्हा जिने आणि मजले आत्ताच पाहून ठेवलेत तर पुढे घोळ होणार नाही.

डिपार्टमेंट स्टोअरच्या पाचव्या मजल्यावर तो माणूस उभा आहे ज्याच्यासाठी ड्राउझी किंवा अ‍ॅब्रा आणला. तो बदल्यात माचॉप देतो, नाव मसल, आणि ती मादी असते. हे मादी असणं लक्षात ठेवा. दोनच बॅज घेऊन आलेल्यालासुद्धा हा सौदा परवडतो, कारण बदलून आलेला पोकेमॉन दीडपट वेगाने शिकतो. नाव आवडलं नाही तरी बदलता येणार नाही. शहरात नाव बदलून देणारा माणूस आहे, पण दुसऱ्याने ठेवलेल्या नावाला तो हात लावत नाही.

आणखी एक मजला चढा. सहाव्यावर थंड पेयांची मशीन आहेत. लेमोनेड ३५० ला, त्याने पोकेमॉनचे ८० एचपी, म्हणजे जीवाचे गुण, भरतात. दुकानातलं सुपर पोशन ७०० ला आणि भरतात फक्त ५०. हे गणित एकदा कळल्यावर मी औषधाच्या काउंटरकडे फिरकलेलो नाही. दहा-बारा लेमोनेड घेऊन ठेवा, हाताला कंटाळा येईल पण पैसे वाचतील.

गेम कॉर्नरबद्दल मामा म्हणून मला सांगावं लागतं की जाऊ नका, आणि खेळाडू म्हणून सांगावं लागतं की मीही तिथे बरेच तास घालवलेत. जायचंच असेल तर कॉइन केस भुयारात पडलेली असते, ती उचलल्याशिवाय एकही नाणं मिळत नाही. हार्टगोल्डमध्ये जपानबाहेर स्लॉट मशीन काढून त्याजागी व्होल्टॉर्ब फ्लिप नावाचं कोडं ठेवलंय, ते डोक्याला चांगलं आहे. स्टेशन दिसेल, मॅग्नेट ट्रेनचं. आत्ता त्यात बसता येणार नाही. ती थेट कांटो या शेजारच्या विभागातल्या सॅफ्रन शहराला जाते, पण तिचा पास खूप पुढे, कांटोत गेल्यावर मिळतो. बिल नावाच्या माणसाचं घरही नुसतं बघून ठेवा. त्याला पुढच्या एक्रुटीक शहरात भेटून याल तेव्हा तो इथे ईव्ही हा पोकेमॉन देईल, त्या दिवशीही एक जागा रिकामी हवी.

आता जिम. इथे थोडं सावकाश वाचा.

इथली म्होरकी व्हिटनी, तिच्याकडे दोनच पोकेमॉन आहेत. क्लिफेअरी अठराव्या लेव्हलची, मिल्टँक विसाव्या. दोन्ही नॉर्मल प्रकारच्या. क्लिफेअरी फेअरी प्रकारची झाली ती २०१३ नंतर, इथे तिचा तसा काही धसका नाही, मेट्रोनोम या भलतीच कुठलीही चाल काढणाऱ्या चालीतून काय निघेल तेवढंच भय. खरं संकट ती गुलाबी गाय. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणणाऱ्याने मिल्टँकचा स्टॉम्प खाल्लेला नसतो. तिच्याकडे चार चाली: स्टॉम्प, नराला प्रेमात पाडणारी अट्रॅक्ट, मिल्क ड्रिंक आणि रोलआउट. तुम्ही मोठ्या मेहनतीने तिला अर्ध्यावर आणता आणि ती स्वतःचंच दूध पिऊन पुन्हा ताजी होते. रोलआउटची ताकद ३० पासून सुरू होते आणि लागत गेली तर दर वेळी दुप्पट: ६०, १२०, २४०, पाचव्याला ४८०. मधे तुमचा पोकेमॉन पडला तरी तिचं लोळणं थांबत नाही, पुढच्याच्या अंगावर वाढलेल्या ताकदीनेच येते. उतारावरून सुटलेली बैलगाडीच ती. मी पहिल्यांदा सात वेळा हरलो. सिंडाक्विल हा आगीचा पोकेमॉन घेऊन गेलो होतो ना, रोलआउट ही दगडाची चाल, आणि आगीवर दगड भारी पडतो. पक्षी आणि किड्यांचंही तेच, त्यांना त्या दिवशी मागे ठेवा.

तर काय न्यायचं? मसल न्या. ती फायटिंग प्रकारची, तिच्यावर रोलआउट अर्धी बसते, मादी असल्याने अट्रॅक्ट तिच्यावर चालतच नाही, आणि तेराव्या लेव्हलला शिकलेलं कराटे चॉप गाईवर दुप्पट लागतं. तिला निदान पंधरा-सोळापर्यंत वाढवा, त्यासाठी रविवार आहेच. सोबत युनियन केव्ह या गुहेतून एक दगडी जिओड्यूड. तिच्यावर स्टॉम्प आणि रोलआउट दोन्ही अर्ध्याच बसतात. फक्त पकडताना मादीचं चिन्ह बघून पकडा, नर असेल तर तो मिल्टँकच्या प्रेमात पडून निम्म्या वेळा नुसता बघत बसतो. पहिल्या जिमच्या फाल्कनरने दिलेलं मड-स्लॅपचं टीएम पडून असेल तर ते जिओड्यूडला शिकवा. डोळ्यांत चिखल गेला की मिल्टँकचा नेम चुकतो, आणि रोलआउट एकदा चुकली की पुन्हा ३० पासून. हारजीत ठरते ती इथेच, ताकदीत नव्हे. दोन चिखल, मग मसल पुढे, गाय दूध प्यायली तर प्यायली, तुम्ही मारत राहा. दारातून आत शिरण्याआधी सेव्ह करा हे सांगायची गरज नाही, पण सांगतो.

जिंकल्यावर एक गंमत होते आणि तिची तयारी कोणी करून देत नाही. व्हिटनीचं जपानी नाव अकाने, आणि मूळ जपानीत ती कान्साईची बोली बोलते, कारण हे शहरच ओसाकावरून बेतलेलं आहे. शहराचं जपानी नाव कोगाने, म्हणजे सोनं. इंग्रजीत आली आणि तिची बोली गेली, शाळेत पुण्याकडची भाषा बोलायला लागलेल्या आमच्यासारखी. मी माझ्यापुरती तिला अहिराणी दिली आहे. आणि सुवर्णनगरीची ती पोर हरल्यावर बॅज द्यायचं सोडून भोकाड पसरते. बोललात तरी देत नाही. इथे कित्येक जण मशीन बिघडलं समजून बंद करतात.

भाच्याचा सोमवारी दुपारी फोन आला. मागून पंख्याचा आवाज आणि ताईचं ‘जेवी ले आधी’ ऐकू येत होतं. ‘मामा, जिकनू! पण ती नुसती रडी राहिनी, बॅज देत नही. आते काय करू?’

मी सांगितलं, दाराकडे चालायला लाग, एक पोरगी अडवेल, तिचं ऐक, मग माघारी फीर आणि परत व्हिटनीशी बोल. बॅज घेतलास की तसाच फुलांच्या दुकानात जा, पाण्याची बाटली माग. रूट ३६ वर आडवं आलेलं झाड खरं झाड नाही.